डोंगरावरील एक रात्र

(ज्युबिली महोत्सवांत पालक व तरुण-मंडळ यांच्या संयुक्त सभेपुढें धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवसांत आमच्यापुढें एक नाजूक प्रश्न येऊन उभा राहिला आहे. आपल्या तरुण-मंडळानें हरिश्चंद्रगडावर जाऊन तेथें एक रात्र राहण्याची परवानगी लेखी अर्ज करून मागितली आहे. त्यापाठोपाठ कांहीं पालकांचा दुसरा अर्ज आमच्या हातीं आला. ही परवानगी देऊं नये, अशी त्यांत कळकळीची विनंति आहे. दोन्ही अर्ज आम्हीं पुनःपुन्हां वाचले. पहिल्यांत उत्साह आहे, दुसऱ्यांत माया आहे. आणि उत्साह व माया हीं दोन्ही परमेश्वरानेंच माणसाच्या ठायीं घातलीं असल्यामुळें, एकाचा पक्ष घेऊन दुसऱ्यास दुखविणें आमच्या जिवावर आलें. म्हणून निकाल देण्यापूर्वीं आम्ही आज तुम्हां सर्वांस एका रात्रीची हकीकत सांगणार आहों. ती रात्र ३२ वर्षांच्या एका धर्मगुरूनें एका दुर्घट पर्वताच्या माथ्याखालीं, आपल्या सोबत्यांसह, उघड्यावर काढली. हाच धर्मगुरु पुढें पोप झाला.

पालकांच्या अर्जांत तीन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, डोंगर म्हणजे जिवाशीं खेळ. पावसाळा आला कीं कडे व धबधबे यांवरून तरुण मुलें पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचाव्या लागतात. दुसरा असा कीं, रात्रीच्या वेळीं घरापासून दूर, मित्रांच्या संगतींत, मुलें बिघडतात. तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे: ज्या श्रमापासून ना पोटाला भाकरी ना आत्म्याला लाभ, तो श्रम करावाच कां? हे तिन्ही आक्षेप मनांत धरून पुढील हकीकत ऐकावी, इतकीच आमची विनंति आहे.

आकिल्ले रात्ती यांचा जन्म ३१ मे १८५७ रोजीं इटली देशांत, मिलान शहराजवळील देझियो या गांवीं झाला. वडील एका रेशमाच्या गिरणीचे व्यवस्थापक होते. १८७९ सालीं रोम येथें रात्ती यांस गुरुदीक्षा मिळाली. कांहीं वर्षें त्यांनीं मिलानच्या सेमिनरींत अध्यापन केलें आणि १८८८ सालीं ते त्याच शहरांतील सुप्रसिद्ध अँब्रोजियन ग्रंथालयांत रुजू झाले. कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांनीं स्थापिलेलें हें ग्रंथालय १६०९ पासून विद्वानांस खुलें आहे. तेथील जुनीं हस्तलिखितें वाचणें, तपासणें व जतन करणें हें रात्ती यांचें नित्याचें काम. असा हा पुस्तकांत रमणारा मनुष्य सवड मिळतांच पाठीवर पडशी टाकून आल्प्स पर्वताची वाट धरी. ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं त्यांची पोपपदावर निवड झाली व त्यांनीं पायस अकरावे हें नांव धारण केलें. १९२७ सालीं संत तेरेजा हिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीनें मिशनकार्याची आश्रयदात्री ज्यांनीं ठरविलें, ते हेच पोप होत.

इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर मोंते रोझा नांवाचा पर्वतसमूह आहे. त्यांतील सर्वांत उंच शिखरास द्युफूर म्हणतात. त्याची उंची ४,६३४ मीटर, म्हणजे १५,००० फुटांहून अधिक आहे. आपला हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच. तीन हरिश्चंद्रगड एकावर एक रचले, तरी द्युफूरचा माथा वरच राहील! स्वित्झर्लंडच्या अंगानें चढ त्या मानानें सौम्य आहे व त्या बाजूनें १८५५ सालींच माणसें शिखरावर पोहोंचलीं. परंतु पूर्वेस, इटलीच्या अंगास, माकुन्यागा नांवाच्या खेड्यावर जो कडा उभा आहे, त्याची गोष्ट निराळी. खडक, हिम व लोंबत्या हिमनद्या यांची ती सुमारें २,४०० मीटर उंचीची भिंतच आहे.

या भिंतीचा धोका कशांत आहे, तें नीट समजून घ्यावें. कारण त्यावरच पुढील सारी हकीकत अवलंबून आहे. रात्रीच्या थंडीनें तेथील सर्व कांहीं गोठून एकजीव होतें. सुटे दगडसुद्धां हिमांत खिळून बसतात. पण भिंत पूर्वाभिमुख असल्यामुळें उगवत्या सूर्याचें पहिलें ऊन तिच्यावरच पडतें. मग हिम सैल होतें, दगड सुटूं लागतात आणि वरून हिमलोट कोसळतात. भिंतीच्या मध्यावर एक लांब घळ आहे. हिमलोटांचा रस्ता तोच. आणि ती घळ ओलांडल्यावांचून चढणाऱ्यास पुढें जातां येत नाहीं. म्हणून ती सूर्योदयापूर्वीं, काळोखांतच, ओलांडावी लागते. १८७२ सालीं इंग्लंडचे पेंडलबरी बंधु व त्यांचे स्नेही टेलर हे फेर्दिनांद इमसेंग वगैरे वाटाड्यांच्या साह्यानें प्रथमच या भिंतीवरून शिखरास गेले. पुढें १८८१ सालीं दामियानो मारिनेल्ली नांवाचा इटालियन गृहस्थ त्याच इमसेंगला व आणखी एका वाटाड्याला घेऊन त्या घळींत असतां वरून हिमलोट आला व तिघेही गतप्राण झाले. ज्यानें पहिल्यानें वाट दाखविली, त्याचाच त्या वाटेनें बळी घेतला! त्या घळीस व नजीकच्या निवाऱ्याच्या झोंपडीस आज मारिनेल्लीचें नांव आहे.

ही घटना घडून आठच वर्षें झालीं होतीं. रात्ती यांस ती पुरती ठाऊक होती. तेव्हां ते अजाणतेपणीं त्या पर्वतावर गेले, असें कोणीं समजूं नये. त्यांच्याबरोबर कोण होतें? एक त्यांचे स्नेही व धर्मबंधु लुइजी ग्रास्सेल्ली. दुसरा कूर्मायर गांवचा अनुभवी वाटाड्या जुझेप्पे गादिन. आणि तिसरा ओझेकरी आलेस्सियो प्रोमेंत. असे सर्व मिळून चार. हे चौघे एकमेकांस अनोळखी नव्हते व डोंगर तर त्यांस मुळींच नवा नव्हता. रात्ती व ग्रास्सेल्ली यांनीं लहान शिखरांपासून आरंभ करून वर्षानुवर्षें आपले पाय, आपला दम व आपलें मन तयार केलें होतें. आधीं टेंकडी, मग डोंगर, मग पर्वत. ही पायरी आमच्या तरुण मित्रांनीं विशेष लक्षांत ठेवावी.

२९ जुलै १८८९ रोजीं हे चौघे माकुन्यागाहून निघून सुमारें ३,००० मीटर उंचीवरील त्या झोंपडींत येऊन थांबले. मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ३० तारखेस, त्यांनीं पुढचा चढ सुरू केला व अंधार आहे तोंच ती घातकी घळ ओलांडली. येथवर सर्व योजिल्याप्रमाणें झालें. परंतु त्यानंतर हिम अपेक्षेहून खोल व मऊ लागलें. पाऊल टाकावें तों पाय रुतावा. जेथें मऊ हिम संपलें, तेथें कठीण बर्फ लागला. त्यावर कुऱ्हाडीनें एक एक पायरी खोदून, तींत एक पाय ठेवून, मग पुढची पायरी खोदावयाची. हें काम गादिन सर्वांच्या पुढें राहून करीत होता. अशा रीतीनें दिवस सरला. द्युफूरच्या पूर्वेकडील टोंकावर पाऊल ठेविलें, तेव्हां सायंकाळचे साडेसात वाजून गेले होते. सूर्य मावळतीस गेला होता, वारा झोंबत होता आणि त्या उघड्या माथ्यावर थांबणें शक्य नव्हतें.

आतां येथें, मित्रहो, त्यांच्यापुढें जो प्रश्न आला, तो डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकापुढें कधीं ना कधीं येतोच. अंधार पडत आहे. शरीर थकलें आहे. खालीं ऊब आहे, अन्न आहे, बिछाना आहे. स्वित्झर्लंडच्या बाजूनें तडक खालीं उतरावें, कीं जेथें आहों तेथेंच थांबावें? मनुष्याचा स्वभाव म्हणतो: चला, कसेंतरी उतरूं, इतका वेळ देवानें राखलें तसें पुढेंही राखील. परंतु पुढचा मार्ग अनोळखी, खडक व बर्फ यांनीं भरलेला. अंधारांत एकाचा पाय घसरला तर एका दोरानें बांधलेले चौघेही गेलेच. त्यांनीं थांबण्याचा निर्णय घेतला. टोंकापासून किंचित् खालीं, वाऱ्यापासून थोडीशी आडोशाची, खडकांतली एक अरुंद जागा त्यांस सांपडली. उंची सुमारें ४,६०० मीटर. तेथें अंग पसरण्यास जागा नव्हती, हालचाल करण्यासही पुरती जागा नव्हती. आणि पायांखालीं ती सारी भिंत अंधारांत उतरत गेलेली!

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. श्वास पुरत नाहीं, अन्नावरची वासना जाते, आणि थंडी बोटांच्या टोंकांपासून आंत शिरूं लागते. बरोबर आणलेली कॉफी गोठून गेली होती. तंबू नव्हता. झोंप आली असती, तर ती शेवटचीच ठरण्याचा संभव होता. म्हणून त्यांनीं एकमेकांस जागें ठेविलें. पाय आपटावे, हात चोळावे, बोलावें, पुन्हां पाय आपटावे. वर तारे, भोंवतीं अथांग शांतता, आणि ती शांतता मधूनमधून भंग करणारा, दूर खालीं कोसळणाऱ्या हिमलोटाचा गडगडाट. पुढें रात्ती यांनीं या रात्रीचा वृत्तांत इटलीच्या पर्वतारोहण-मंडळासाठीं लिहिला. त्यांत त्यांनीं कुरकुर केलेली नाहीं. सृष्टिकर्त्याचें ऐश्वर्य इतक्या जवळून पाहण्याचा योग क्वचितच येतो, हाच त्यांच्या लिहिण्याचा सूर आहे. तथापि त्याच वृत्तांतांत त्यांनीं आपल्या तयारीचा, वाटाड्यांच्या कौशल्याचा व थांबण्याच्या कारणांचा हिशेबही दिला आहे. ज्याला काव्य दिसतें पण हिशेब दिसत नाहीं, त्यानें हा लेख अर्धाच वाचला असें आम्ही म्हणूं.

३१ जुलैची पहांट झाली. सूर्य वर आला, अंगांत ऊब आली, आणि हे चौघे द्युफूरच्या मुख्य माथ्यावर गेले. तेथून त्सुमश्टाइन नांवाची उंच खिंड गांठून, हिमनदीवरून वाट काढीत, ते स्वित्झर्लंडच्या बाजूस झेर्मात गांवाकडे उतरले. कोणाचें बोट गेलें नाहीं, कोणाचा पाय मोडला नाहीं. इटलीच्या अंगानें चढून त्या खिंडीनें पलीकडे उतरण्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो. त्याच उन्हाळ्यांत रात्ती मॅटरहॉर्न शिखरावर गेले आणि १८९० सालीं मों ब्लांवर.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. डोंगर हा जिवाशीं खेळ आहे काय? रात्ती यांचें मत त्यांच्या वृत्तांतांत स्पष्ट आहे. खरें पर्वतारोहण म्हणजे मान मोडून घेण्याचा उद्योग नव्हे. त्यांत विवेक अधिक, धैर्य बेताचें, व सृष्टीवरील प्रेम पुरेसें असावें लागतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ध्यानांत घ्या, विवेकाचा क्रमांक पहिला! ख्रिस्ती नीतिशास्त्रांतही चार मुख्य सद्गुणांत विवेकाला अग्रस्थान आहे. धैर्य त्याच्यामागून येतें. विवेकावांचून धैर्य म्हणजे वाटाड्यावांचून यात्रेकरू. शुभवर्तमानांत सैतान प्रभूला देवळाच्या कंगोऱ्यावर नेऊन खालीं उडी टाकावयास सांगतो. देवदूत झेलतील, अशी ग्वाहीही देतो. प्रभूनें ती उडी टाकली नाहीं. देव राखील असें म्हणून कड्याच्या काठावर छायाचित्रासाठीं पाऊल मागें सरकविणारा तरुण प्रभूचें ऐकत नसून त्या दुसऱ्याचें ऐकत असतो, असें आम्हांस वाटतें.

आपल्या सह्याद्रींत बर्फ नाहीं, हिमलोट नाहींत. म्हणून येथें भीति नाहीं असें नव्हे. येथील शत्रु निराळे आहेत. पावसाळ्यांत धुकें असें दाटतें कीं दहा पावलांवरचा सोबती दिसत नाहीं. पावसानें शेवाळलेला खडक व हिंवाळ्यांत वाळलेलें गवत यांवरून पाय सारखाच घसरतो. उन्हाळ्यांत पाण्यावांचून माणूस कोसळतो. आग्या मोहळाखालीं धूर केला तर माशा माणसाला पळतां भुई थोडी करतात. हरिश्चंद्रगडावर अकोले तालुक्यांतील पाचनईकडून जाणारी वाट सोपी आहे. खिरेश्वराकडून टोलार खिंडींतून जाणारी वाट लांब असून तींत खडकाचा चढ आहे. आणि नळीची वाट तर कसलेल्या माणसांचीच. गडाच्या पश्चिमेस कोंकणकडा आहे. तो वाटोळा असून आंतल्या बाजूस वळलेला आहे. त्यामुळें काठावर उभें राहणाऱ्यास आपल्या पायांखालीं खडक आहे कीं पोकळी, हें समजत नाहीं. ज्यानें ही माहिती आधीं करून घेतली, त्याचा अर्धा धोका घरीं बसल्या बसल्याच टळला.

दुसरा आक्षेप संगतीचा. येथें आम्ही तुम्हांस त्या दोराची आठवण देतों. बर्फावरून चालतांना चौघांच्या कंबरेस एकच दोर असतो. एक घसरला तर उरलेले तिघे त्याला धरतात. पण त्यासाठीं चौघांनींही प्रत्येक क्षणीं सावध असावें लागतें. पुढचा फार वेगानें गेला तर दोर ताणतो व मागचा पडतो. मागचा आळसावला तर पुढच्याचें पाऊल अडतें. सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल तीच सर्वांची चाल. मुलें मित्रांच्या संगतींत बिघडतात हें खरें आहे. परंतु तीं मित्रांच्याच संगतींत घडतात, हेंही तितकेंच खरें आहे. कोण आपली पाण्याची बाटली दुसऱ्यास देतो, कोण थकलेल्याचें ओझें न बोलतां उचलतो, आणि कोण सर्वांच्या आधीं शिध्यावर हात मारतो, हें गांवांत वर्षभर कळत नाहीं तें डोंगरावर एका रात्रींत कळतें. मित्राची परीक्षा तेथें होते, आणि आपली स्वतःचीही होते.

या दोराला आणखी एक पदर आहे. पोप पायस यांचें नांव जगानें लक्षांत ठेविलें. गादिन व प्रोमेंत हीं नांवें किती जणांस ठाऊक आहेत? तथापि पायऱ्या गादिननें खोदल्या व ओझें प्रोमेंतनें वाहिलें. रात्ती यांनीं आपल्या लेखांत त्यांचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें आहे. आपल्या डोंगरांच्या पायथ्याशीं महादेव कोळी व ठाकर बांधव पिढ्यान् पिढ्या राहतात. वाट, पाणी, वारा व ढग यांचें जें ज्ञान त्यांच्यापाशीं आहे, तें कोणत्याही नकाशांत नाहीं. त्यांच्यांतील वाटाड्या घ्यावा, त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी, त्याला आपल्या पंक्तीस बसवावें आणि त्यानें मागें फिरा म्हटलें कीं मागें फिरावें. गडावर हरिश्चंद्रेश्वराचें प्राचीन मंदिर आहे. केदारेश्वराच्या गुहेंत थंडगार पाण्यांत मोठें शिवलिंग आहे व भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच अभंग उरला आहे. योगी चांगदेवांचें नांव या स्थानाशीं निगडित आहे. आपल्या शेजाऱ्यांस तीं स्थानें पूज्य आहेत. आपल्या देवळांत परक्यानें जसें वागावें अशी आपली अपेक्षा असते, तसेंच आपण तेथें वागावें.

तिसरा आक्षेप असा कीं, यांत आत्म्याला लाभ काय? बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वीं प्रभु येशूनें सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेंत घालविली, असें संत लूक सांगतात. खालीं गर्दी होती, रोगी होते, वाद घालणारे होते. निर्णय मोठा होता. त्यासाठीं त्यानें डोंगर व रात्र हीं दोन्हीं निवडलीं. आपल्या तरुणांच्या हातांत अष्टौप्रहर मोबाइल असतो. एक क्षण असा नाहीं कीं जेव्हां कोणीतरी त्यांच्या कानांत बोलत नाहीं. शिक्षण, नोकरी, लग्न, देवाची हांक, असे आयुष्याचे निर्णय या गलबल्यांतच घ्यावे लागतात. एक रात्र ताऱ्यांखालीं, थोडक्या अन्नावर, चार विश्वासू मित्रांसह, मुकाट्यानें बसतां आलें, तर तें लहानसें एकांतध्यानच होय.

रात्ती यांस त्या रात्रीचा काय उपयोग झाला? मनुष्याच्या अंतःकरणांत आम्हांस पाहतां येत नाहीं. परंतु इतिहास असें सांगतो कीं, पोप झाल्यावर त्यांच्या वांट्यास युरोपांतील फार काळोखे दिवस आले. मार्च १९३७ मध्यें त्यांनीं हिटलरच्या राजवटीच्या अन्यायाविरुद्ध जर्मन भाषेंत एक परिपत्रक लिहिलें. तें गुप्तपणें जर्मनींत पोहोंचवून झावळ्यांच्या रविवारीं तेथील देवळादेवळांतून वाचण्यांत आलें. तेव्हां ते ८० वर्षांच्या घरांत होते व आजारी होते. अंधारांत उगाच धांवूं नये, पण जागाही सोडूं नये. एकमेकांस जागें ठेवावें व पहांटेची वाट पाहावी, हा धडा ज्यानें तरुणपणीं ४,६०० मीटरांवर गिरविला, त्याला म्हातारपणीं तो अगदींच नवा वाटला नसेल. १० फेब्रुवारी १९३९ रोजीं ते देवाघरीं गेले.

आणखी दोन नांवें सांगून हा भाग संपवितों. आल्प्सच्या बर्फाळ खिंडींत वाटसरूंसाठीं निवारा उभारणारे मेंथोंचे संत बर्नार्द यांस याच पोपांनीं १९२३ सालीं पर्वतवासी व पर्वतारोही यांचे आश्रयदाते ठरविलें. वाट चुकलेल्यांस हिमांत शोधून आणणें हें त्या निवाऱ्यांतील धर्मबंधूंचें शतकानुशतकांचें काम. दुसरें नांव पियेर जॉर्जो फ्रास्साती. तूरिन शहरचा हा तरुण गोरगरिबांच्या खोल्यांत जाऊन त्यांची सेवा करी व सुटीच्या दिवशीं मित्रमैत्रिणींस घेऊन डोंगर चढे. १९२५ सालीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, तो वारला. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं त्याची संतांत गणना केली. तेव्हां डोंगराची वाट व देवाची वाट या एकमेकींस वैरिणी आहेत, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

आतां निकाल. आम्ही ही परवानगी देत आहों, परंतु अटींवर. पावसाळा पूर्ण सरल्यावरच जावें, व पाचनईच्या वाटेनेंच जावें. त्यापूर्वीं दोन लहान डोंगर एका दिवसांत चढून उतरून दाखवावे. ज्याला तें जमलें नाहीं, त्यानें पुढच्या वर्षीं यावें. गांवचा वाटाड्या बरोबर असल्यावांचून पाऊल उचलूं नये. मुलींनींही अर्जावर सह्या केल्या आहेत. त्यांनीं अवश्य जावें, व धर्मग्रामांतील दोन अनुभवी स्त्रियांनीं त्यांच्याबरोबर असावें. जाण्यायेण्याची वाट, वेळ व सर्वांचीं नांवें लिहून एक प्रत घरीं व एक आमच्याकडे ठेवावी. दऱ्यांत मोबाइल बोलेलच अशा भरंवशावर राहूं नये. प्रत्येकाजवळ विजेरी, गरम कपडा, औषध व भरपूर पाणी असावें. मद्य असूं नये. अंधार पडल्यावर कोंकणकड्याकडे कोणीं फिरकूं नये. वाट चुकली व रात्र झाली, तर उतरूं नये; जेथें असाल तेथें एकत्र बसावें. नेलेला कचरा परत आणावा. आणि रविवारची मिस्सा चुकवून डोंगर गांठूं नये.

शेवटची अट आम्ही स्वतंत्रपणें सांगतों, कारण ती सर्वांत अवघड आहे. निघण्यापूर्वींच परत फिरण्याची वेळ ठरवावी. आणि ती वेळ झाली कीं शिखर हाताच्या अंतरावर असलें तरी परत फिरावें. अशा वेळीं कोणी भित्रा म्हणून हिणवील. हिणवूं द्या. तरुण माणसाला कड्याची भीति कमी व मित्रांच्या हंसण्याची भीति अधिक असते; अनेक अपघातांचें मूळ या दुसऱ्या भीतींत आहे. मंडळांतील जो सर्वांत धाकटा असेल, त्यानें ‘मला पुढें यावयाचें नाहीं’ असें म्हटलें, तर त्याला हंसणाऱ्याचें नांव आमच्याकडे यावें. तो पुढच्या वेळीं घरीं राहील.

पालकहो, तुमचा अर्ज आम्हीं फेंकून दिलेला नाहीं. या साऱ्या अटी तुमच्या भीतींतूनच आम्हांस सुचल्या आहेत. तुमची भीति हाच या मुलांच्या कंबरेचा पहिला दोर आहे. तो दोर तोडूं नका. पण इतका आंखूडही करूं नका कीं त्यांस पाऊल टाकतां येऊं नये. आपल्या वाडवडिलांनीं हें धर्मग्राम उभारलें, तें घरीं बसून नव्हे. तेही अनोळखी वाटांनीं, थोड्या शिदोरीवर, एकमेकांच्या आधारानें चालत आले. म्हणून आज आपण ज्युबिली साजरी करीत आहों.

आणि तरुण मित्रहो, तुम्हीं मागितलेली रात्र तुम्हांस मिळाली आहे. वर गेल्यावर कांहीं वेळ बोलणें थांबवा. आकाशाकडे पाहा, खालच्या खेड्यांतील दिवे पाहा, आणि त्यांपैकीं आपल्या घरच्या दिव्याशीं, जो येथून दिसत नाहीं, कोणीतरी तुमच्यासाठीं जागें आहे याची आठवण ठेवा. सकाळीं सर्वजण मोजून खालीं या. सर्वसमर्थ परमेश्वर तुम्हांस विवेक देवो, पवित्र मरिया तुमच्या पावलांस जपो, आणि गेलेत तितकेच सुखरूप परत येऊन तुम्ही आमच्या दारांत उभे राहा, हाच आमचा आशीर्वाद.